लॅपटॉपचा प्रोसेसर छोट्या डेस्कटॉप बोर्डवर : मशीन सारखं बंद पडतं, रिस्टार्ट होतं किंवा १.२ गिगाहर्ट्झवर अडकून बसतं

मंडळी, हे मे महिन्यापासून लिहायचं होतं, आज वेळ मिळाला. आमचं घर ठाण्यात नौपाड्यात. बाबांच्या तीनशेच्या वर जुन्या कॅसेट्स आहेत, बहुतेक नाट्यसंगीत, काही घरगुती मैफिली, आणि दोन-तीन कॅसेट्सवर आजीचा आवाज आहे. त्या सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायच्या होत्या, आणि त्यासाठी चोवीस तास चालू राहील, आवाज करणार नाही, वीज कमी खाईल असं छोटं मशीन हवं होतं. घरातला जुना डेस्कटॉप नुसता बसला तरी ८० वॉट घ्यायचा, म्हणजे दिवसाला १.९ युनिट, महिन्याला ५८ च्या आसपास. म्हणून जुन्या लॅपटॉपमधून निघालेला इंटेलचा आय५-३२१०एम प्रोसेसर, सेकंडहँड मिनी आयटीएक्स बोर्ड, एक एसएसडी आणि एक हार्डडिस्क असं मशीन जोडलं. प्रोसेसर ३५ वॉटचा, बोर्ड १७० बाय १७० मिलिमीटरचा, म्हणजे जेवणाच्या ताटापेक्षाही लहान. भिंतीच्या सॉकेटला मीटर लावून मोजलं तर रिकामं असताना २० वॉट. महिन्याला १४-१५ युनिटात काम होणार होतं.

पहिला आठवडा झकास गेला. मग दुपारी बंद पडायला लागलं. सकाळी चालू, संध्याकाळी चालू, आणि दुपारी दोन ते पाचच्या मधे केव्हातरी बाबांचा ऑफिसात फोन, "अरे ते तुझं मशीन परत गेलं". मी आधी विंडोज नवीन टाकलं, मग रॅम बदलली, मग एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) मित्राकडून आणून लावला, तरी तेच. यात तीन आठवडे गेले. आणि नंतर ऐरोलीला आतेभावाच्या क्लासमधे अशीच तीन मशीन्स जोडून दिली तेव्हा तिथे वेगळ्याच तऱ्हेने तोच त्रास सुरू झाला, म्हणून आता जे जे सापडलं ते एका जागी लिहून ठेवतोय, कारण हा त्रास मला चार जणांनी सांगितलाय आणि चौघांनी "प्रोसेसर खराब निघाला" असंच धरलं होतं. चौघांपैकी एकाचाही प्रोसेसर खराब नव्हता.

मूळ गोष्ट अशी की लॅपटॉपचा प्रोसेसर आपल्याभोवती लॅपटॉप आहे असं धरून बनवलेला असतो. त्याच्या डोक्यावर नेमक्या उंचीची, स्प्रिंगच्या स्क्रूने बसणारी तांब्याची पट्टी असणार, चार्जर किती वॉटचा आहे हे बोर्डाला कळणार, पंखा कधी जोरात फिरवायचा ते वेगळी चिप बघणार, हे सगळं त्याला आयतं मिळतं. तोच प्रोसेसर डेस्कटॉपसारख्या बोर्डवर आला की यातलं जे जे सुटलं ते आपल्याला भरून द्यावं लागतं, आणि नाही दिलं की मशीन तक्रार करतं. म्हणून शोध प्रोसेसरपासून सुरू करू नका, त्याच्या आजूबाजूला काय कमी पडलंय तिथून करा.

सगळ्यात आधी एक गोष्ट नीट बघा, कारण आपण सगळे सरसकट "हँग होतं" म्हणतो आणि तिथेच फसतो. मशीन नक्की काय करतंय? अचानक बंद पडून बंदच राहतं, की बंद होऊन स्वतःहून परत चालू होतं, की चालूच राहतं पण गोगलगायीसारखं चालतं? हे तीन वेगळे आजार आहेत. बंद पडून बंदच राहिलं तर पहिला संशय उष्णतेवर. आपोआप रिस्टार्ट झालं तर पहिला संशय पॉवरवर, म्हणजे अडॅप्टर, त्याची पिन किंवा एसएमपीएस. आणि नुसतंच मंदावलं तर कोणीतरी प्रोसेसरला "हळू चाल" असा सिग्नल देतंय, तो कोण देतंय ते शोधायचं. अपवाद असतात, पण मी बघितलेल्या सहा-सात मशीन्समधे ही विभागणी बरोबर निघाली. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधे "कर्नल-पॉवर ४१" दिसलं म्हणून लोक खूश होतात की सापडलं, पण त्याचा अर्थ फक्त एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट शटडाउन झालं नव्हतं, ते कशामुळे हे त्यात लिहिलेलं नसतं. उष्णतेने प्रोसेसरने स्वतःच थर्मट्रिपचा सिग्नल दिला तर बोर्ड क्षणात वीज तोडतो, ऑपरेटिंग सिस्टिमला काही लिहून ठेवायला वेळच मिळत नाही.

आता माझं मशीन. बाबांना सांगून ठेवलं होतं की टेबलावरचं थर्मामीटर बघून ठेवा, दुपारी खोलीत ३४ डिग्री. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर लावून ठेवलं तर नुसतं बसलेलं असताना प्रोसेसर ६८, आणि गाणं एमपीथ्री करायला लावलं की दोन मिनिटांत ९३-९४, आणि मग गप्प. बायोसमधे, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंग्जमधे, बघितलं तर या बोर्डाने शटडाउनची मर्यादा ९५ ठेवलेली होती. प्रोसेसरची स्वतःची मर्यादा १०५ आहे, म्हणजे प्रोसेसर अजून दम धरून होता, बोर्डच त्याला झोपवत होता. मर्यादा वाढवून काम भागवायचा मोह झाला पण तो टाळला, कारण ३५ वॉटची चिप, वर एवढा मोठा डेस्कटॉपचा कूलर, आणि ९३ डिग्री, हे गणितच बसत नव्हतं. हा कूलर याच्या दुप्पट वॉटचे प्रोसेसर आरामात थंड ठेवतो.

मग एक साधी गोष्ट केली जी तुम्हीही सगळ्यात आधी करा. कॅबिनेटचं झाकण काढलं, काम चालू ठेवलं, स्क्रीनवर तापमान समोर, आणि कूलरवर, पंख्याला बोट लागणार नाही असं, दोन्ही बाजूंनी हलका दाब दिला. ९१ वरून सात-आठ सेकंदात ७० वर आलं. हात काढला, परत चढायला लागलं. परत दाबलं, परत उतरलं. बाबा शेजारी उभे होते, म्हणाले, "अरे मग तो बसलेलाच नाहीये नीट." तीन आठवड्यांत जे मला कळलं नव्हतं ते त्या दहा सेकंदांत कळलं.

कूलर काढून बघितला तर सगळं लिहिलेलं होतं. डेस्कटॉप प्रोसेसरच्या डोक्यावर धातूचं झाकण असतं, लॅपटॉपच्या प्रोसेसरवर ते नसतं, हिरव्या पट्टीच्या मधोमध करंगळीच्या नखाएवढा उघडा सिलिकॉनचा तुकडा असतो, आरशासारखा चकचकीत, त्याला डाय म्हणतात. कूलरच्या तळावर त्या तुकड्याचा ठसा उमटलेला होता पण अर्धाच. एका बाजूला पेस्ट दाबून पातळ झालेली, तांबं दिसतंय, आणि दुसऱ्या बाजूला श्रीखंडासारखा जाड थर तसाच, म्हणजे तिथे कूलर टेकलाच नव्हता. बोर्डाला भोकं ७५ मिलिमीटरची, म्हणजे एलजीए ११५५ या डेस्कटॉप सॉकेटच्या कूलरची, त्यामुळे कूलर बसतो, प्लॅस्टिकच्या चारही पिना टक टक करून लागतात आणि आपल्याला वाटतं झालं. पण त्या पिनांचा दाब झाकण असलेल्या प्रोसेसरच्या उंचीसाठी ठरवलेला असतो. माझ्या बोर्डवर डायचा माथा त्याच्यापेक्षा खाली होता. कूलर जेमतेम टेकत होता, आणि कॅबिनेट उभं ठेवल्यामुळे स्वतःच्या वजनाने एका बाजूला झुकत होता. सकाळी खोली २८ डिग्रीवर असताना कसंबसं निभत होतं, दुपारी निभत नव्हतं. दुपारचं कोडं ते एवढंच.

इलाज असा केला. प्लॅस्टिकच्या पिना काढून टाकल्या, बोर्डाच्या पाठीमागे जुन्या कूलरची बॅकप्लेट लावली, खाली नायलॉनचे वायसर घातले म्हणजे बोर्डच्या रेघांना धातू टेकत नाही, आणि वरून एम३ चे लांब स्क्रू स्प्रिंगसकट. स्प्रिंग महत्त्वाची आहे, नुसता स्क्रू आवळून उघड्या डायवर कूलर बसवू नका, कारण डायचा कोपरा तुटला की प्रोसेसर कायमचा गेला, आणि तो तुटतो कूलर तिरका असताना एकच स्क्रू आवळल्याने. समोरासमोरचे स्क्रू, अर्धा अर्धा फेरा, एकदा इकडे एकदा तिकडे, चारही शेवटपर्यंत. पेस्टसुद्धा मधे वाटाण्याएवढा ठिपका टाकून सोडून देऊ नका, झाकणाच्या प्रोसेसरवर ते चालतं, इथे डायचा प्रत्येक कोपरा स्वतः गरम होतो म्हणून जुन्या प्लॅस्टिक कार्डाने पूर्ण डायवर पातळ एकसारखा थर द्यायचा. लिक्विड मेटलच्या नादी लागू नका, त्यातलं गॅलियम अॅल्युमिनियमला खाऊन टाकतं आणि थेंब बाजूला ओघळला तर शॉर्ट.

त्यानंतर रिकामं असताना ४४, काम चालू असताना ७२, खोली तीच ३४ डिग्रीची.

मला वाटलं संपलं. पण दोन महिन्यांनी, पाऊस सुरू झाल्यावर, हवा थंड असूनसुद्धा तापमान ८४-८५ ला जायला लागलं. स्क्रू घट्ट होते. उघडलं तर डायच्या मधे पेस्ट जवळजवळ नाहीच, सगळी कडेला गोळा झालेली. मशीन दिवसातून कितीदा गरम-थंड होतं, तेवढ्या वेळा डाय आणि कूलर केसाएवढे फुगतात-आकसतात आणि पातळ पेस्ट हळूहळू बाहेर ढकलली जाते. झाकण असलेल्या प्रोसेसरवर हे सहसा जाणवत नाही, उघड्या डायवर फार जाणवतं, आणि म्हणूनच लोक म्हणतात "पेस्ट बदलली की महिना-दोन महिने ठीक चालतं, मग परत तेच". तुमचा त्रास असा ठराविक काळाने परतत असेल तर हेच कारण धरून चाला. पातळ पेस्टऐवजी घट्ट पेस्ट वापरा किंवा सरळ फेज चेंज पॅड लावा, हनीवेलचं पीटीएम७९५० मी लावलंय, ते खोलीच्या तापमानाला कागदासारखं घट्ट असतं, गरम झालं की मऊ होऊन पसरतं आणि जागा सोडत नाही. लावताना फ्रिजमधे दहा मिनिटं ठेवून मग सोललं तर फाटत नाही. लावल्यावर पहिल्यांदा दोन-तीन वेळा चांगलं गरम होऊ द्या, मग आकडा खाली येतो.

काही जण मधे तांब्याची पट्टी घालून उंची भरून काढतात. मी पण करून बघितलं, पेस्टचे दोन थर झाल्यामुळे नीट बसलेल्या कूलरपेक्षा सात-आठ डिग्री जास्तच राहिलं. दुसरा मार्गच नसेल तर करा, पण पट्टी अगदी सपाट हवी आणि डायपेक्षा फार मोठी नको.

आता ऐरोली. आतेभावाचा क्लास आहे, शाळेतल्या मुलांना कोडिंग शिकवतो, जागा छोटी म्हणून बेंचखाली राहतील अशी मशीन्स हवी होती. दोन बोर्डवर आय७-२६३०क्यूएम, चार कोअरचा, ४५ वॉटचा. कूलर मी माझ्या अनुभवाने नीट बसवले, तापमान मस्त, आणि तरी आठवड्यात त्याचा फोन, "दादा, मुलं गेम रन करतात आणि मशीन आपोआप रिस्टार्ट होतं, पालक समोर असताना झालं काल, फार वाईट वाटलं." त्याचं बरोबरच होतं, रविवारी ठाण्याहून ट्रान्स हार्बरने निघालो, बॅगेत मल्टिमीटर टाकला.

हे बोर्ड १२ व्होल्टच्या गोल पिनेच्या अडॅप्टरवर चालतात. त्याने जवळच्या दुकानातून जे अडॅप्टर घेतले होते ते १२ व्होल्ट ३ अँपिअरचे, एलईडीच्या पट्ट्यांना लावतात तसले. १२ गुणिले ३ म्हणजे ३६ वॉट. प्रोसेसर एकटाच ४५ चा, आणि टर्बोमधे, म्हणजे मूळ वेगाच्या वर पळताना, काही सेकंद तो त्याच्याही वर जातो, शिवाय बोर्ड, रॅम, एसएसडी, यूएसबीला लावलेलं सगळं. रिकामं असताना बोर्डाजवळ मोजलं तर १२.१ व्होल्ट, एका मुलाचा प्रोग्राम चालवला तर १०.९ वर आलं आणि मशीन डोळ्यासमोर रिस्टार्ट झालं. त्या दिवशी बायोसमधून टर्बो बंद करून दिला, प्रोसेसर २ गिगाहर्ट्झवर थांबला आणि सोमवारचा क्लास कसाबसा निभावला, मग १२ व्होल्ट ८ अँपिअरचे अडॅप्टर मागवून लावले.

टर्बो बंद करणं ही परीक्षा म्हणून पण फार उपयोगी आहे. बायोसमधे पर्याय नसेल तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समधे प्रोसेसरची जास्तीत जास्त मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के करा, टर्बो बंद होतो. त्याने त्रास थांबला तर विंडोज, ड्रायव्हर, व्हायरस हे सगळं विसरा, तुमचा आजार उष्णतेचा नाहीतर पॉवरचा आहे.

एका मशीनचा रिस्टार्ट मात्र नवीन अडॅप्टरनेही थांबला नाही. बेंचला मुलांचा पाय लागला की व्हायचा. गोल पिना दिसायला एकसारख्या असतात पण आतलं भोक कधी २.१ मिलिमीटर कधी २.५, बाहेरून दोन्ही ५.५. बोर्डातली आतली पिन २.१ ची आणि अडॅप्टरचं भोक २.५ चं असलं तर जातं व्यवस्थित, चालू होतं, पण आत लुगलुगतं. बरोबर मापाची पिन लावली, गेले पाच महिने एकदाही रिस्टार्ट नाही. अडॅप्टर घेताना व्होल्ट आणि अँपिअर सगळे बघतात, हे माप कोणी बघत नाही, प्लीज बघा.

तिसरं मशीन सगळ्यात चिवट होतं. एका छोट्या ऑफिस-मशीनमधून निघालेला बोर्ड, वर आय५-३३२०एम, मूळ वेग २.६ आणि टर्बोला ३.३. ते बंदही पडत नव्हतं, रिस्टार्टही होत नव्हतं, नुसतं १.२ गिगाहर्ट्झवर चालत होतं, काही करा, १.२. तापमान ४१. म्हणजे उष्णता नाही. १.२ हा आकडा ओळखीचा करून ठेवा, आयव्ही ब्रिजच्या, म्हणजे इंटेलच्या तिसऱ्या पिढीच्या, मोबाईल (लॅपटॉपच्या) प्रोसेसरचा तो सगळ्यात खालचा वेग आहे, सँडी ब्रिजचा, म्हणजे दुसऱ्या पिढीचा, ०.८. मशीन नेमकं त्या आकड्याला चिकटून असेल, आणि पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सला ठेवूनही हलत नसेल, तर प्रॉकहॉट नावाचा सिग्नल आलेला असण्याची शक्यता फार. नाव जरी "प्रोसेसर गरम" असं असलं तरी ती तार दोन्ही बाजूंनी चालते, प्रोसेसर गरम झाला तर तो स्वतः ओढतो, पण बोर्डलाही ती ओढता येते, व्हीआरएम (बोर्डवरचा प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) तापला, अडॅप्टर ओळखीचा नाही, बॅटरी नाही, अशा कारणांनी. लॅपटॉपमधे हे योग्यच आहे. आपल्याकडे मात्र ओळख द्यायला कोणी नसतं आणि बोर्ड ती तार कायमची ओढून बसतो.

तपासायला थ्रॉटलस्टॉप नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात बीडी प्रॉकहॉटची टिक असते, ती काढली. वेग क्षणात १.२ वरून ३.१ च्या पुढे. आतेभाऊ म्हणाला, "झालं ना दादा, असंच राहू दे." मी राहू दिलं नाही. एकतर रिस्टार्ट केलं की ती टिक परत येते, म्हणून तर हा त्रास "परत परत" येतो, लिनक्सवर हेक्स १एफसी या रजिस्टरचा पहिला, म्हणजे शून्य नंबरचा बिट शून्य केला तरी तेच, पुढच्या बूटला तो परत १. आणि दुसरं म्हणजे आपण धूर ओळखणारी घंटा काढून ठेवतोय, आग आहे की नाही ते न बघता. खरं कारण शोधलं तर निघालं असं की त्या मशीनचा मूळ अडॅप्टर १९ व्होल्टचा, त्याच्या पिनेच्या मधोमध एक सुईसारखी बारीक पिन असते, तिच्यातून अडॅप्टर बोर्डला सांगतो मी इतक्या वॉटचा. आतेभावाने साधा १९ व्होल्टचा अडॅप्टर लावला होता, ज्यात ती तार नव्हतीच. त्याच कंपनीचा ओळख देणारा ९० वॉटचा अडॅप्टर लावला, टिक लावलेली तशीच ठेवली, वेग पूर्ण. दुसरा कोणी असा अडॅप्टर मिळतच नाही म्हणत असेल तर आधी व्हीआरएमला हात लावून, तापमान बघून, व्होल्ट मोजून खात्री करा आणि मगच ती टिक काढून सॉफ्टवेअर विंडोजबरोबर सुरू होईल असं ठेवा.

छोट्या छोट्या गोष्टी, ज्यांनी माझा वेळ खाल्ला. ८ जीबी रॅम लावून ४ च दिसत असेल तर रॅम बदलण्याआधी प्रोसेसर काढून परत बसवा, या सॉकेटला बाजूला एक चपटा स्क्रू असतो, तो शेवटपर्यंत फिरला नाही की काही पिना नीट पकडल्या जात नाहीत, माझा अर्धाच फिरला होता. तारीख सारखी मागे जात असेल आणि पंख्याची सेटिंग्ज पुसली जात असतील तर सीआर२०३२ चा सेल बदला, जुन्या बोर्डवरचा तो मेलेलाच असतो, आणि मग दर वेळी लाइट गेली की टर्बो, पंखा, शटडाउनची मर्यादा सगळं मूळ पदावर. पंख्याची पिन चार तारांची आहे की तीन, १२ व्होल्ट की ५, तेही बघून घ्या, काही बोर्डवर लॅपटॉपसारखा ५ व्होल्टचा पंखा अपेक्षित असतो आणि त्यावर १२ चा लावला तर तो सुस्त फिरतो किंवा फिरतच नाही.

डिस्प्लेच येत नसेल तर मात्र बहुतेक वेळा जोडीच चुकलेली असते. लॅपटॉपचे सॉकेट दिसायला भावंडं पण एकमेकांत बसत नाहीत. पहिल्या पिढीच्या कोअर आय सिरीजचं जी१, सँडी ब्रिज आणि आयव्ही ब्रिजचं जी२, हॅसवेलचं, म्हणजे चौथ्या पिढीचं, जी३. सँडी ब्रिजच्या काळातल्या ६ सिरीज चिपसेटच्या बोर्डवर आयव्ही ब्रिज लावायचा तर बायोस नवीन लागतो आणि त्याच्याबरोबर मॅनेजमेंट इंजिनचं फर्मवेअर पण ८ व्या व्हर्जनचं, नाहीतर पंखा फिरतो आणि स्क्रीन काळी. अशा वेळी सँडी ब्रिजचा एखादा स्वस्त सेलेरॉन किंवा पेंटियम तात्पुरता लावून बायोस टाकायचा. आणि हॅसवेलच्या मोबाईल प्रोसेसरला रॅम १.३५ व्होल्टचीच लागते, डीडीआर३एल, जुनी १.५ ची डीडीआर३ चालत नाही, आयव्ही ब्रिजला दोन्ही चालतात. रॅमच्या स्टिकरवर पीसी३ नंतर एल आहे की नाही तेवढं बघा.

कोणाला वाटेल हा आडवाटेचा प्रकार आहे, पण वीस वर्षांपासून लोक हे करतायत. इंटेलच्या इस्रायलमधल्या हैफाच्या टीमने बनवलेला पेंटियम एम २००३ मधे आला, २००४ मधे त्याचा ९० नॅनोमीटरचा डोथन, २१ वॉटमधे चालायचा, तेव्हा डेस्कटॉपचा पेंटियम ४ शंभर वॉटच्या आसपास खात होता. लोकांना ते दिसत होतं, म्हणून एओपेन आणि डीएफआयने त्यासाठी डेस्कटॉपचे बोर्ड काढले, आणि असुसने सीटी-४७९ नावाचा अडॅप्टर काढला जो त्यांच्या सॉकेट ४७८ च्या ठराविक बोर्डवर बसायचा. २००६ च्या सुरुवातीच्या इंटेल मॅक मिनीतही लॅपटॉपचाच कोअर प्रोसेसर सॉकेटमधे होता. तेव्हाही उघडा डाय होता आणि डेस्कटॉपचा कूलर तसाच लावता येत नव्हता.

आज नवीन घेणाऱ्यांना सांगतो, सॉकेटचा काळ हॅसवेलबरोबर संपला, त्यानंतरचे लॅपटॉपचे प्रोसेसर बोर्डला डागलेलेच येतात. तुम्हाला बाबांच्या कॅसेट्ससारखं हलकं चोवीस तासांचं काम असेल तर २०२३ मधे आलेला इंटेल एन१०० लावलेला मिनी आयटीएक्स बोर्ड घ्या, ६ वॉटचा, चार कोअर, बऱ्याच बोर्डवर पंख्याशिवाय नुसत्या हीटसिंकवर चालतो, आणि कूलर कारखान्यातूनच बसवून येतो त्यामुळे वरची अर्धी कहाणी लागूच होत नाही. रॅमचा एकच चॅनल आहे आणि इंटेल अधिकृतपणे १६ जीबीच सांगतं, तेवढं धरून चाला. मात्र मोठे आय७-आय९ लॅपटॉप प्रोसेसर डागलेले बोर्ड घेत असाल, ज्यांना कूलर आपण लावायचा असतो, तर घेण्याआधी विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारा, प्रोसेसरवर झाकण आहे की डाय उघडा आहे, आणि कुठल्या सॉकेटचा कूलर कुठल्या उंचीच्या स्टँडऑफवर (कूलरला आधार देणाऱ्या खुंट्यांवर) बसतो. त्याला उत्तर देता आलं नाही तर पुढच्या दुकानात जा.

बाबांच्या मशीनवर पॅड लावून आता चार महिने होत आले, काल रात्री बघितलं तर ४५ डिग्री होतं. कॅसेट नंबर १८७ चालू आहे, साइड बी, आणि उद्या ज्या दोन कॅसेट्सची फीत अडकते त्या आधी स्क्रू उघडून नवीन खोक्यात घालायच्या आहेत.